सिव्योचा डाळिंबाएवढा वाटा

बुखाऱ्याच्या यहुदी महल्ल्यात सिव्योला कुणी फोन करत नसे. गरजच पडत नसे. आपल्या अंगणात उभी राहून ती "मफ्रात, तुझं मांजर माझ्या छपरावर चढलंय गं!" एवढं म्हणाली की शेजारच्या मफ्रातला तर ऐकू जाईच, पण मांजरही निमूट खाली उतरे. तिचा नवरा इल्यावू चपला-बूट शिवायचा आणि दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "देवानं माझ्या बायकोच्या गळ्यात दोन माणसांचा आवाज घातलाय. त्यातलं दुसरं माणूस मी."

उभं आयुष्य सिव्योनं सरकारी कारखान्यात मखमलीवर जरीकाम करण्यात घालवलं. मोठमोठ्या साहेबांच्या झग्यांवर तिनं मोर काढले, डाळिंबं काढली, कमानी काढल्या. पण देवाच्या भाषेतलं, हिब्रूतलं, एक अक्षरही तिला येत नव्हतं. येणार कुठून? तिच्या लहानपणी कनिसाच्या, महल्ल्यातल्या प्रार्थनाघराच्या, दाराला सोव्हिएत सरकारचं कुलूप होतं आणि शिकवणाऱ्यांच्या तोंडाला भीतीचं. तिची आई दर आठवड्याला नानसाठी पीठ मळताना त्यातला चिमूटभर गोळा तोडायची, ओठ हलवायची आणि तो तंदुरात टाकायची. "आई, काय म्हणालीस गं?" असं सिव्योनं विचारलं की आई म्हणायची, "कुठं काय? उंदराचा वाटा टाकला." शाळेत पोरीनं तोंड उघडलं तर बापाची नोकरी जाईल, हा हिशेब त्यामागं होता. तो सिव्योला कळेपर्यंत आई गेली, आणि ओठांवरचं ते वाक्यही तिच्याबरोबर गेलं. सिव्योही मग चिमूटभर गोळा टाकत राहिली, काही न म्हणता. सांगायला आता कुणाची भीती नव्हती, पण सांगायचं काय तेच ठाऊक नव्हतं.

मुलं न्यूयॉर्कला गेली, निम्मा महल्ला इस्राएलला गेला. इल्यावू म्हणाला, तिकडं लोक बूट फाटला की फेकून देतात, मी तिकडं करू काय? म्हणून ही दोघं राहिली.

मग ताश्कंदहून अदिनो आली. नव्या रब्बीची, म्हणजे धर्मगुरूची, बायको, वयानं सिव्योच्या नातीएवढी, कडेवर एक पोर आणि काखेत फळा. तिनं कनिसाच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी बायकांचा वर्ग सुरू केला. पहिल्या गुरुवारी बायका चहाला आल्या. दुसऱ्या गुरुवारी पहिल्या गुरुवारी कोण काय बोललं ते ऐकायला आल्या. आणि तिसऱ्या गुरुवारपासून, कशा ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही, पण चक्क शिकायला लागल्या. अक्षरं सुरू झाली, स्तोत्रं सुरू झाली, आजाऱ्यांना भेटायला जायचा कार्यक्रम सुरू झाला. हा कार्यक्रम तर इतक्या जोरात चालला की महल्ल्यात कुणी शिंकायला धजेना. शिंक आली की दारात चार बायका, सूपाचं पातेलं आणि एक स्तोत्र हजर!

सिव्योला मात्र अक्षरं काही केल्या चढेनात. फळ्यावर दिसलेलं अक्षर घरी पोचेपर्यंत डोक्यातून उडून जाई. मफ्रातला सगळी यायची, आणि येतात हे ती दर पाच मिनिटांनी सांगायची. शेवटी सिव्योनं एका जुन्या उशीच्या अभ्र्यावर अक्षरं भरायला घेतली. सुईनं एकदा वळण घेतलं की हात ते विसरत नाही. हिवाळा संपेपर्यंत अभ्रा भरला, आणि पीठ मळताना म्हणायचं ते देवाच्या स्तुतीचं वाक्य, बराखा, तिला बघून वाचता यायला लागलं. इल्यावू रोज रात्री त्याच उशीवर झोपायचा आणि सकाळी म्हणायचा, "आता मलाही यायला लागेल. गालावर उमटलंय बघ."

वर्गाला वर्ष झालं तेव्हा अदिनोनं ठरवलं की सगळ्या बायकांनी मिळून शब्बातसाठी, आठवड्याच्या पवित्र दिवसासाठी, नान भाजायचे. समरकंदचा बायकांचा वर्गही पाहुणा म्हणून येणार होता, आणि त्यांना आणायला रब्बी गाडी घेऊन गेला होता. झालं! बुखाऱ्याच्या बायकांच्या अंगात वारं शिरलं. समरकंदच्या बायका आपल्या नानपुढं जगातल्या दुसऱ्या कुठल्याही नानला पोतेरं समजतात, हे काय नव्यानं सांगायला हवं? अंगणात भली मोठी काथवट आली, पिठाची पोती आली, डफ आला. कनिसाचा कारभारी हिस्कियो अका दारात उभा राहून कुरकुरला, "अक्षरं शिकलात, आता देवाच्या घरात पीठ सांडा."

"सांडलं तर झाडू. तुमच्या पत्त्यांच्या डावातली भोपळ्याच्या बियांची टरफलं झाडतोच ना?" मफ्रात म्हणाली. मग बायकांनी त्याला आणि बाकीच्या पुरुषांना बाहेर काढून दार लावून घेतलं.

पीठ मळून झालं. कणीक फुगली, काथवटीच्या काठावर येऊन बसली. तंदुरात टाकायचा देवाचा वाटा कुणी काढायचा? मफ्रातनं बाह्या सरसावल्या. अदिनो सिव्योला खोला, म्हणजे मावशी, म्हणायची. ती म्हणाली, "सिव्यो खोला काढतील."

मफ्रातनं बाह्या पुन्हा खाली केल्या, त्याही अगदी सावकाश.

"जैतुणाएवढा पुरे, खोला," अदिनोनं हळूच सांगितलं. पण सिव्योचे हात कणकेत शिरले आणि तिच्या मनात काय आलं देव जाणे. इतकी वर्षं मुक्यानं टाकलेला वाटा, आईचा राहिलेला, स्वतःचा राहिलेला, तो काय जैतुणाएवढा असणार? तिनं उपसला तो थेट डाळिंबाएवढा उंडा! तो तिनं छातीशी धरला, घरून आणून समोर टांगलेल्या अभ्र्याकडं बघितलं आणि बराखा म्हटली. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, एकही न गाळता. तिला आभाळ ठेंगणं झालं.

"आमेन!" बायका ओरडल्या. आणि मग जे व्हायला नको ते झालं.

पोरगं पहिल्यांदा कनिसात तोरा, म्हणजे धर्मग्रंथ, वाचतं तेव्हा त्याच्यावर साखरेच्या गोळ्या उधळतात, हे महल्ल्यात लहान मुलालाही माहीत. मग आमच्या सिव्योवर का नाही, असं म्हणून बायकांनी पदर भरभरून पर्वर्द्याच्या गोळ्या आणल्या होत्या. डफ वाजला, गोळ्यांचा पाऊस पडला. मफ्रातनं नेम धरून मारलेली एक गोळी सिव्योच्या कपाळावर ठण्णकन बसली. सिव्योनं हात वर नेला, आणि डाळिंबाएवढा उंडा निसटून काथवटीत पडला. नाचाच्या भरात दोघी-तिघींनी कणकेत हात घालून ती पुन्हा मळायला घेतली होती. उंडा गेला तो गेलाच.

डफ थांबला. अदिनोचा चेहरा उतरला.

"काय झालं गं? पडला तर पडला. दुसरा काढू," मफ्रात म्हणाली.

"तसं नाही चालत, अपा. वाटा काढला की तो देवाचा झाला. तो परत मिसळला तर आता सगळीच कणीक खाता येत नाही, जाळावी लागते."

"सगळी?"

"जैतुणाएवढा असता तर एवढ्या कणकेत विरून गेला असता. शंभरपट कणीक असली की वाटा विरला असं धरतात. पण हा..." अदिनोनं दोन्ही हातांनी डाळिंब दाखवलं.

बुखाऱ्यात जमिनीवर नानचा कपटा दिसला तरी माणूस वाकून उचलतो, कपाळाला लावतो आणि उंचावर ठेवतो. तिथं ही काठोकाठ भरलेली काथवट जाळायची? आणि उद्या समरकंदच्या बायकांपुढं रिकामी ताटं मांडायची? बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. एकजण काथवटीकडं बघून रडायला लागली, दुसरी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हसायला लागली, आणि थोड्या वेळानं कोण रडतंय आणि कोण हसतंय हे सांगणं कठीण झालं.

अदिनोनं नवऱ्याला फोन लावला. गाडीतून समरकंदच्या बायकांचं गाणं ऐकू येत होतं. ती कोपऱ्यात जाऊन कुजबुजली, मान हलवली आणि परत आली तेव्हा तिच्या जिवात जीव आला होता. "मार्ग आहे! तीन पुरुष बसवायचे. खोलांनी त्यांना सांगायचं की वाटा काढला याचा मला पश्चात्ताप होतो. मग ते मोकळीक देतात, आणि तो वाटा काढलाच नव्हता असं होतं. मग नव्यानं काढायचा."

"तीन पुरुष!" मफ्रातनं कपाळाला हात लावला. "आत्ताच हाकलले की गं सगळे!"

मग सिव्योनंच गच्चीवर चढून आवाज दिला. त्या आवाजानं महल्ल्यात उरलेसुरले होते तेवढे सगळे गोळा झाले. हिस्कियो अका आला, "सांडलं ना पीठ?" म्हणत. न्हावी नेरियो वस्तऱ्यासकट आला, आणि त्याच्यामागून त्याचं गिऱ्हाईक, शेजारचा मुसलमान शरीफ अका, अर्ध्या गालावर फेस घेऊन आला, कारण उरलेली दाढी सोडून घरी कसा जाणार? इल्यावू हातात एक बूट घेऊन धावत आला.

"हे बघा, झाले तीन!" मफ्रात म्हणाली.

"इल्यावू अका नाही चालणार," अदिनो म्हणाली. "नवरा बायकोला मोकळीक देऊ शकत नाही."

"ते मला लग्नाच्या दिवशीच कळलं," इल्यावू म्हणाला आणि बुटासकट दाराशी जाऊन उभा राहिला.

इतक्यात गल्लीत भोंगा वाजला. मिखोएल शोहेत, दर गुरुवारी धर्मनियमानं कोंबड्या कापायला ताश्कंदहून येणारा, खुराड्यांनी भरलेली गाडी लावत होता. बायकांनी त्याला हात धुवायलाही वेळ दिला नाही. ओढत आणून लाकडी तख्तावर मधोमध बसवला, एका बाजूला कारभारी, एका बाजूला न्हावी. मिखोएल नियमांत पक्का माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "सोपं आहे. सिव्यो अपा, म्हणा, मला पश्चात्ताप होतो."

सिव्यो बोटांना चिकटलेली कणीक काढत राहिली.

"म्हणा ना, अपा. कोंबड्या उन्हात आहेत."

"नाही होत," सिव्यो म्हणाली.

"काय नाही होत?" मिखोएलनं विचारलं.

"पश्चात्ताप. नाही होत. मला इतका आनंद लग्नातसुद्धा झाला नव्हता."

"ऐकतोय मी," दारातून इल्यावू म्हणाला.

"अगं, नुसतं तोंडानं म्हण की!" मफ्रात पुढं झाली. "एक शब्द तर आहे. म्हण आणि सुटू दे आम्हाला."

"खोटं बोलू?" सिव्योचे डोळे भरून आले. "आयुष्यात पहिल्यांदा देवाशी तोंड उघडून बोलले, आणि दुसऱ्याच वाक्यात खोटं बोलू? आणि तुम्ही म्हणता वाटा काढलाच नव्हता असं होईल. म्हणजे मी ते म्हटलंच नव्हतं असं होईल. हिवाळाभर सुई चालवली ती त्यासाठी?"

मिखोएलनं मान डोलावली. "बरोबर बोलताहेत त्या. मनातून हवा. खोटा चालत नाही." मग त्यानं दुसऱ्या वाटेनं जायचं ठरवलं. "असं बघा, अपा. वाटा काढाल तर समरकंदच्या बायका तुम्हाला हसतील, हे आधी ठाऊक असतं तर काढला असता?"

"असता. त्या तशाही हसतातच."

"काथवट जाळावी लागेल हे ठाऊक असतं तर?"

इथं सिव्योचा जीव गलबलला. तिनं काथवटीकडं पाहिलं, फुगून वर आलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र कणकेकडं, त्यात अडकलेल्या रंगीत गोळ्यांकडं. "नानसाठी जीव तुटतो हो माझा. काल रात्रीपासून झोपले नाही मी या नानच्या आनंदात. पण ते शब्द परत घे म्हणाल, तर ते नाही जमायचं मला."

"मग भाजा आणि कोंबड्यांना घाला!" हिस्कियो अका वैतागून उठायला लागला. "तेही चालायचं नाही," म्हणत मिखोएलनं त्याला सदऱ्याला धरून खाली बसवला.

न्हावी नेरियोनं प्रथमच तोंड उघडलं. "शरीफ अकाचा फेस वाळतोय."

"वाळू दे," शरीफ अका म्हणाला. "मला पुढं काय होतं ते बघायचंय."

दाराशी उभा इल्यावू मघापासून बूट या हातातून त्या हातात करत होता. त्याच्यानं राहवेना. "अगं सिव्यो, आम्ही सगळे बाहेर होतो. एवढं काय म्हणालीस, कसं म्हणालीस, ते या बायकांनी तरी सांगावं आम्हाला. इतकं गोड होतं?"

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. एकीनं पदर नीट केला. दुसरी डफावरची धूळ पुसू लागली.

"खरं सांगू?" मफ्रात म्हणाली. "मला ऐकूच आलं नाही."

"तू बहिरी आहेस," सिव्यो फणकारली. "गुलशान, तू सांग."

"मला वाटलं मफ्रातला ऐकू आलं असेल," गुलशान म्हणाली. "तिनं आमेन म्हटलं म्हणून मी म्हटलं."

"मी तर अंदाजानं म्हटलं!"

सिव्यो अदिनोकडं वळली. अदिनो अगदी तिच्या शेजारी उभी होती. ती बिचारी लाल झाली. "ओठ हलताना दिसले, खोला. सगळे शब्द ओठांवर होते. बराखा झाली, त्यात शंका नाही. पण आवाज... आवाज नव्हता."

"न ऐकता म्हटलेलं आमेन," मिखोएल शोहेत गंभीरपणे म्हणाला, "त्याला अनाथ आमेन म्हणतात. त्याला मायबाप नसतात."

"माझा आवाज?" सिव्यो म्हणाली. "माझा आवाज ऐकू आला नाही?"

झालं! आधी शरीफ अका खदखदून हसला, फेसासकट. मग न्हावी, मग बायका, मग हिस्कियो अका, जो गेल्या कित्येक वर्षांत हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची. जिच्या आवाजानं मांजरं छपरावरून उतरतात, जिनं आत्ता गच्चीवरून अख्खा महल्ला गोळा केला, तिची बराखा हातभर अंतरावरच्या माणसाला ऐकू गेली नव्हती! सिव्योही हसायला लागली. हसता हसता ती काथवटीच्या काठाला धरून खाली बसली.

कारण तिला कळलं होतं. तिनं ते वाक्य आईसारखंच म्हटलं होतं. शब्द ती अदिनोकडून शिकली, पण ओठ आईचे होते. हलायचे, आणि आवाज आतच ठेवायचे. आईनं जे कुठून तरी लपवून आणलं, जपलं आणि भीतीनं गिळलं, ते गिळणंही तिनं तसंच्या तसं उचललं होतं. आज दार बंद होतं, सगळ्या आपल्याच बायका होत्या, कुणाच्या बापाची नोकरी जाणार नव्हती. तरी ती चोरासारखी पुटपुटली होती! सिव्योला आईचं इतकं वाईट वाटलं आणि स्वतःचा इतका राग आला, की ती ताडकन उठून उभी राहिली.

"मिखोएल!" ती गरजली. गाडीतल्या कोंबड्या दचकून फडफडल्या. "मला विचार!"

"काय विचारू, अपा?"

"विचार, की मी असं पुटपुटणार हे ठाऊक असतं तर वाटा काढला असता का!"

मिखोएल तख्तावर ताठ बसला. "काढला असता का?"

"हात लावला नसता कणकेला! आधी घसा साफ केला असता, खिडक्या उघडल्या असत्या, आणि मग काढला असता! असं भिऊन भिऊन काढल्याचा मला पश्चात्ताप होतो. मनापासून होतो. पोटातून होतो!"

"सापडला!" मिखोएलनं मांडीवर थाप मारली. "सापडला पश्चात्ताप! हिस्कियो अका, नेरियो, म्हणा माझ्याबरोबर. मोकळीक आहे तुला, मोकळीक आहे तुला, मोकळीक आहे तुला!"

तिघं एकसुरात म्हणाले. शरीफ अकाही म्हणाला, त्याला कुणी विचारलं नसताना. बायकांनी एकच गलका केला. अदिनोनं मफ्रातचा पदर तपासून उरलेल्या गोळ्या जप्त केल्या आणि स्वतःच्या खिशात टाकल्या. मफ्रात म्हणाली, "मी काय मुद्दाम मारली का?"

बायकांनी खिडक्या सताड उघडल्या. दारही उघडंच राहिलं, पुरुष आतच राहिले, त्यांना हाकलायचं कुणाला सुचलंही नाही. सिव्यो काथवटीपाशी गेली. "जैतुणाएवढा, खोला," अदिनो म्हणाली.

"अक्रोडाएवढा," सिव्यो म्हणाली.

"बरं, अक्रोडाएवढा. पण घट्ट धरा."

तिनं अक्रोडाएवढा गोळा तोडला, मुठीत आवळला, घसा साफ केला. आणि मग तिनं बराखा म्हटली. काय सांगावं! गल्लीतून जाणारा सायकलवाला पाय टेकवून उभा राहिला. पलीकडच्या चहाच्या दुकानात म्हाताऱ्यांनी सोंगट्या खाली ठेवल्या. एकेक शब्द वेगळा, सुटा, जरीच्या टाक्यासारखा पक्का, असा तो आवाज कनिसाच्या अंगणातून वर गेला आणि महल्ल्याच्या सगळ्या छपरांवर पसरला. घाबरलेला एक शब्दही त्यात नव्हता.

"आमेन!" बायका ओरडल्या, आणि या वेळी त्यांना नीट माहीत होतं कशाला.

"आमेन!" मिखोएल, हिस्कियो अका आणि नेरियो म्हणाले.

इल्यावू दाराशी तसाच उभा होता, बूट छातीशी धरून. दर शुक्रवारी संध्याकाळी वाइनचा पेला उचलून त्यावरची बराखा म्हणायचा तो, आणि आमेन म्हणायची ती. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं. उलटं कधी झालं नव्हतं, आणि उलटं झालं तर काय करायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

सिव्यो त्याच्याकडं वळली. मूठ अजून वर होती.

"अहो, बघताय काय? तुमचं आमेन राहिलंय!"

इल्यावूनं आमेन म्हटलं, पण इतकं हळू की कुणालाच ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं," सिव्यो म्हणाली.